पॅनेल काय, कुणीबी बसवतंय!

कोल्हापुरातून सध्या एकच सूर कानावर येतो: सोलरची पॅनेलं बसवायला दोन वर्षांचा आयटीआय कशाला, तीन महिने बास झाले. वर दाखला सूर्यमित्रचा, म्हणजे सोलर बसवणारे घडवण्याच्या सरकारी कोर्सचा. २०१५ साली सुरू झालेला हा कोर्स ६०० तासांचा, म्हणजे नव्वद दिवसांचा, हे खरंच. पण प्रवेशाची अट कुणी वाचली का? दहावी, आणि त्यावर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असला ट्रेड. ते नव्वद दिवस आयटीआयच्या वरचे आहेत, आयटीआयऐवजी नव्हेत.

तीन किलोवॅटच्या छपरावर ५४० वॅटची सहा पॅनेलं एका माळेत जोडली की सुमारे ३०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) उभा राहतो, आणि ऊन आहे तोवर पॅनेलं बंद होत नाहीत. घरातल्या एसी विजेची ठिणगी सेकंदाला शंभरदा शून्यातून जाते म्हणून विझायला वाव असतो. डीसीला तो नाही. साध्या पकडीने दाबलेली एमसी-फोरची (पॅनेलांच्या वायरी जोडणाऱ्या कनेक्टरची) पिन, किंवा एका कंपनीचं टोक दुसरीच्या टोकात कोंबलेलं, सुरुवातीला काहीच तक्रार करत नाही. मग सांधा तापतो, प्लास्टिक मऊ पडतं, आत पाणी जातं. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते पन्हाळ्याच्या बाजूला विचारा. म्हणून काम ताब्यात देण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं मीटर, लावायचा. एक मेगाओहमच्या खाली आलं तर माळ उसवून दोष शोधायचा. दुरुस्तीला आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडचा प्रवाह तोडणारा स्विच), कनेक्टर सर्वांत शेवटी. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर हातात आर्क, म्हणजे तीच न विझणारी ठिणगी.

आणि ‘तीन महिने बास’ हे कोल्हापूरने म्हणावं! बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज करणाऱ्या साखर कारखान्यात बॉयलरपाशी प्रमाणपत्राशिवाय अटेंडंट उभा करत नाहीत. बॉयलरचा कायदा १९२३ मध्येच आला, २०२५ मध्ये तो नव्याने केला. तिथे कुणी ‘चालतंय की’ म्हणत नाही. छपरावर मात्र परवाना ठेकेदाराचा आणि पोरं रोजंदारीची, हे चालतंय.

मी राहतो त्या जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नव्या घरावर सोलर मे २०२२ पासून सक्तीचं, छप्पर बदलताना जानेवारी २०२३ पासून. इलेक्ट्रोनिकरची, म्हणजे इथल्या इलेक्ट्रिशियनची, आउसबिल्डुंग (काम करत घ्यायचं शिक्षण) साडेतीन वर्षांची. आज करार केलेला आझुबी (शिकाऊ) चौथ्या वर्षी कामाला येतो. म्हणून सक्तीच्या तारखा आधी ठरलेल्या लागतात, तर माइस्टर (शिकवणारा उस्ताद) पोरं घेतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेतली एक कोटी घरं आणि ७८,००० पर्यंतचं अनुदान सगळ्यांना पाठ. कळंब्याच्या आयटीआयतून पुढची चार वर्षं किती हात लागतील, तिथे शिकवणारे किती, यावर मात्र वाद घालायला कुणी नाही.

(जर्मनीने तरी काय दिवे लावले? २०१२ मध्ये साडेसात गिगावॅट बसवले, सोलर विजेला मिळणारे दर कापले आणि २०१४ मध्ये दोनच्याही खाली आले. शिकलेली माणसं दुसऱ्या धंद्याला लागली. हे मी सोयीने उशिरा सांगतोय.)

जर्मनीतली ही कुशल हातांची टंचाई भरायला आता आपलीच माणसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला: पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल माणसं, त्यात इलेक्ट्रिशियनही. शिस्तीचा तोरा मिरवणारा मी त्याच रांगेत जरा आधी उभा राहिलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पोरगा जर्मनच्या क्लासला निघाला तर ‘जाऊ नको’ म्हणायला मला तोंड नाही, आणि ‘ये’ म्हणावं तर कळंबा आणखी रिकामा. निदान निघण्याआधी दोन पावसाळे त्याने कोल्हापूरच्या छपरांवर मेगर धरावा.