सगळे ओळखीचे आहेत, म्हणूनच

काका, नमस्कार. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय टाकावं आणि काय टाकू नये, यावरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही. कोथरूडच्या तुमच्या सोसायटीत सगळे वर्षानुवर्षांचे शेजारी, कुणाकडे लपवण्यासारखं काही नाही, आणि माझ्यासारखे लोक उगाच संशय पेरतात, असं तुम्ही लिहिलंत. प्रायव्हसी हे तरुणांचं फॅड आहे, असंही.

शेवटचं आधी घेते. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. ज्यांच्या याचिकेतून हा प्रश्न तिथवर गेला ते के. एस. पुट्टास्वामी कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये त्यांनी याचिका केली तेव्हा वयाची ऐंशी कधीच उलटली होती.

आता ओळखीचं. चोराला हवी असते ती ओळखच. समजा, शेजारच्या काकूंच्या नंबरवरून तुम्हाला मेसेज आला: ‘चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्याकडे आलाय, जरा पाठवता का?’ काकूंचं अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं, आणि तो कोड खरं तर तुमच्याच अकाउंटचा असतो. तुम्ही पाठवलात की तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू, तुमच्या फोनवर बंद. जुने मेसेज त्याला मिळत नाहीत, पण तुमचे ग्रुप आणि त्यातले सगळे नंबर समोर येतात. गणपतीच्या आधी सेक्रेटरींच्या नावाने ‘वर्गणी या क्यूआरवर पाठवा’ असा मेसेज आला, तर किती जण विचारायला थांबतील? शेजाऱ्यांवर संशय घ्या, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्यांच्या नावाने कोण बोलतंय, ते स्क्रीनवर कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि लपवण्यासारखं तुमच्याकडे नसेलही, पण तुम्ही सेक्रेटरी आहात. भाडेकरूंचे आधार, करारनामे, कोण कधी गावाला जाणार, हे सगळं तुमच्या फोनमध्ये येतं. नोकरीसाठी लातूरहून आलेल्या मुलीचं आधार कमिटीच्या ग्रुपवर पडलं, की ते कुठे कुठे जाईल यावर तिचा काही ताबा राहत नाही. तिच्याकडून मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तेही ग्रुपवर नको.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मनापासून पटला. रोज नव्या धोक्याचे फॉरवर्ड वाचून वयस्कर माणसं इतकी धास्तावतात, की फोनच बाजूला ठेवतात. म्हणून मोजकंच सांगते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे त्या कोडनंतर विचारला जाणारा, पिन आजच टाका. तो नसेल तर चोर स्वतःचा टाकतो, आणि मग पिनशिवाय आत शिरायला तुम्हाला सात दिवस थांबावं लागू शकतं. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये, म्हणजे तुमचं अकाउंट आणखी कुठे कुठे जोडलंय त्या यादीत, अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. कुणी कोड किंवा पैसे मागितले तर फोन लावा, शेजारी असेल तर सरळ बेल वाजवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मीही कोथरूडमध्येच राहते. तुमच्या पुढच्या सभेला बोलावलंत तर ज्येष्ठ मंडळींच्या शेजारी बसून एकेकाचा पिन लावून देईन.