आमच्या येथे श्रीकृपेकरून रवरे

आमचं आडनाव खरे. दोनच अक्षरं, तीही सरळ. ती चुकवायला कलावंतच लागतो.

मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी नौपाड्यात एका छपाईवाल्याकडे गेलो. कॉम्प्युटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, लुक रॉयल पाहिजे ना?" नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

इंग्रजी बाजूला त्याने झॅप्फिनो लावला. हर्मन झॅप्फ या जर्मन सुलेखनकाराने १९४४ साली वहीत लिहिलेल्या अक्षरांवरून केलेला हा फाँट १९९८ मध्ये बाजारात आला. देखणा, यात वादच नाही. भरपूर मोकळ्या जागेत वधूवरांची नुसती नावं टाकली असती, तर आत्ताच कोणी टाक टेकवून उठलंय असं वाटलं असतं. पण आम्हाला आजोबा-आजी, काका, आत्या, हॉल, पार्किंग, सगळंच त्यात हवं होतं. वर नावं कॅपिटलमध्ये. या फाँटात सगळी कॅपिटल घालणं म्हणजे सकाळी आठ-वीसच्या लोकलमध्ये प्रत्येकाने हात पसरून उभं राहणं. 'एफ'ची शेपटी खालच्या ओळीत उतरून थेट मुहूर्तावर बसली.

मराठी बाजूसाठी मी म्हटलं, "लग्नकार्य आहे, मंगल फाँट घे." र. कृ. जोशींनी घडवलेला, साधा, वाचता येणारा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंगतीत खिचडी मागितली. "काका, तो तर सरकारी पत्रातला!" आणि त्याने बोरूने लिहिल्यासारखा एक लफ्फेदार फाँट ओढला.

प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. मी चष्मा लावून तपासलं, 'ओके' पाठवलं. आपलं आडनाव कोण वाचतं? ते आपल्याला पाठच असतं. चारशे प्रती छापून झाल्यावर डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला. "अरे, हे रवरे कोण? जावयाकडचे का?"

'ख'चा खालचा सांधा सौंदर्यापायी सुटला होता.

"असू दे हो," बायको म्हणाली, "येणाऱ्यांना माहितीये आपण कोण ते."

आले सगळे. तळटीप मात्र एकालाही वाचता आली नव्हती, 'कृपया आहेर आणू नये.' रिसेप्शनला पाकिटांचा ढीग लागला. त्यात एक चेक होता, पाच हजारांचा, सुंदर अक्षरात, श्री. रवरे यांच्या नावाचा.