दहा रुपयांचा विमा कुठवर पुरतो?

रोबोट बनवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. थोड्याफार फरकानं मजकूर असा: ‘बॅटरीच्या प्लसला एक ४००७ डायोड आणि एक फ्यूज टाका. उलट वायर लागली तर डायोड अडवेल, शॉर्ट झालं तर बोर्डाआधी फ्यूज उडेल, बाकीचं संरक्षण अर्डुइनोत असतंच. दहा रुपयांत विमा. वायरिंग कसंही चुकलं तरी बोर्ड जळणार नाही.’

अर्डुइनो म्हणजे रोबोटचा मेंदू असलेला छोटा बोर्ड, आणि डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. डायोड लावा, फ्यूज लावा, माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती शेवटच्या वाक्याला, कारण त्याच्या भरवशावर पोरं वायरिंग तपासायचं सोडून देतात. मी कॉलेजच्या टीमांना सोल्डरिंग शिकवतो आणि जळके बोर्ड बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवतो. त्यातले निम्मे तरी डायोड लावलेल्या रोबोटांतून आलेत.

‘उलट वायर लागली तर डायोड अडवेल.’ अडवेल, खरं आहे. पण डायोडला फक्त दिशा कळते, जागा कळत नाही. मोटरी चालवणाऱ्या एल२९८एन मॉड्यूलवर तीन स्क्रू शेजारी शेजारी असतात: १२ व्होल्ट, ग्राउंड आणि ५ व्होल्ट. संध्याकाळी उशिरा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, बॅटरीची लाल वायर पहिल्याऐवजी तिसऱ्या स्क्रूत जाते. प्लस तो प्लसच आहे, दिशा बरोबर आहे, म्हणून डायोड खुशाल वाट देतो. दोन १८६५० लिथियम सेल पूर्ण चार्ज असतील तर ८.४ व्होल्ट. त्यातला डायोडनं खाल्लेला जेमतेम व्होल्ट वजा करा. त्याच स्क्रूवरून अर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनला वायर गेलेली असते, आणि उनो या अर्डुइनो बोर्डावरची एटमेगा३२८पी चिप कमाल ६ व्होल्ट सोसते. माझ्या डब्यातले सर्वाधिक बोर्ड या एकाच चुकीचे आहेत.

शिवाय ४००७ हा एक अँपियरचा डायोड. चाकांना लावतात त्या पिवळ्या बीओ मोटरी चालताना थोडाच करंट घेतात, पण चाक अडकलं की एकेक मोटर अँपियरच्या आसपास जाते. दोन मोटरी एकदम अडकल्या की डायोड हाताला चटका देतो. असा तापलेला डायोड मरतो तेव्हा बहुतेकदा आतून शॉर्ट होऊन मरतो. रोबोट पहिल्यासारखाच पळतो, उलट थोडा जास्त जोरात, आणि संरक्षण गेलंय हे कुणाच्या गावीही नसतं. जोर वाढण्याचं कारणही साधं आहे. ७.४ व्होल्टमधून डायोड एक अँपियरला व्होल्टभर खातो, एल२९८ त्याच करंटला दोनेक व्होल्ट खातो, मोटरला उरतात साडेचार. मग ‘सर, बॅटरी कमी पडते’ म्हणून पोरं तिसरा सेल जोडतात आणि नव्या भानगडी सुरू होतात.

डायोडऐवजी पी-चॅनल मॉसफेट (ड्रेन, सोर्स आणि गेट असे तीन पाय असलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावावा हे माझं मत. आयआरएफ९५४०एन घेतला तर दोन अँपियरला पाव व्होल्टच्या आसपास जातो. पण तो लावताना ड्रेन बॅटरीकडे, सोर्स रोबोटकडे आणि गेट रेझिस्टरमधून ग्राउंडला. नेहमीच्या स्विचिंग सर्किटात सोर्स बॅटरीकडे असतो, त्या सवयीनं तो इथंही उलटा बसतो. तसा बसला तरी रोबोट सुरळीत चालतो. फक्त बॅटरी उलट लागेल त्या दिवशी आतला बॉडी डायोड करंट सोडतो आणि मॉसफेट असून नसल्यासारखा होतो. म्हणून लावल्यावर बोर्ड न जोडता, एक एलईडी आणि रेझिस्टर लोड म्हणून लावून, मुद्दाम बॅटरी उलटी करून पुढचा व्होल्टेज मीटरनं मोजायचा. शून्याजवळ आला तर बसवणं बरोबर.

‘शॉर्ट झालं तर बोर्डाआधी फ्यूज उडेल.’ इथं मेसेज सरळ चुकतो. काचेच्या जलद फ्यूजची मानकातली अटच बघा: रेटिंगच्या दीडपट करंटला तो किमान एक तास टिकला पाहिजे, २.१ पटीला अर्ध्या तासाच्या आत उडाला की पास. अगदी दहापट करंटलाही २० मिलीसेकंदांपर्यंत मुभा आहे. चिपचं सिलिकॉन एवढं थांबत नाही. मोटरी चालाव्यात म्हणून फ्यूज दोन-तीन अँपियरचा घ्यावा लागतो, आणि एटमेगाच्या एका पिनची मर्यादा आहे ४० मिलिअँपियर. पिन मेली तरी फ्यूजला पत्ता लागत नाही.

फ्यूज हवा तो वायर पेटू नये म्हणून. २२०० एमएएचची २५सी (म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट देणारी) लिपो बॅटरी कागदावर ५५ अँपियर देऊ शकते. जंपर वायरीचं प्लॅस्टिक त्यापुढं कितीसं टिकणार? फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दोन बोटांवर असावा, बोर्डाजवळ नको, म्हणजे मधली वायर चेसिसवर घासून सोलली तरी तो कामाला येतो.

डायोड आणि फ्यूज खरोखर हातात हात घालून काम करतात ती रचना वेगळी आहे. डायोड मालिकेत नाही, फ्यूजच्या पुढं प्लस-मायनसवर आडवा, कॅथोड (पट्टी असलेलं टोक) प्लसकडे. बॅटरी उलट लागली की डायोड तिला शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. मेसेजातल्या जोडणीत बॅटरी उलटी झाली तर फ्यूजला कामच नसतं, कारण डायोडनं करंट आधीच अडवलेला असतो. आडवा डायोड मात्र फ्यूज उडेपर्यंत तग धरेल असा दणकट घ्यायचा. ४००७ तिथं नको.

‘बाकीचं संरक्षण अर्डुइनोत असतंच.’ अर्धवट माहिती. उनोवर डायोड आहे, पण तो गोल जॅकच्या वाटेवर. व्हीआयएन पिन त्या डायोडच्या पलीकडे येते, म्हणून तिथं उलट वायर लागली की थेट रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या भागावर. ५ व्होल्टची पिन तर रेग्युलेटरलाही वळसा घालते. ५०० मिलिअँपियरचा पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) यूएसबीच्या वाटेवर आहे. तो तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टची काळजी घेतो, रोबोटची नाही.

अर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड घेतलात तर आणखी जपा. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट फेकते. मध्ये व्होल्टेज विभागायला एक किलोओहम आणि दोन किलोओहमच्या रेझिस्टरांची जोडी लावली की ३.३ व्होल्ट मिळतात. बाकी सिग्नल वायरींना एकेक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. चुकून १२ व्होल्ट उनोच्या पिनला लागले तरी साडेसहा मिलिअँपियरच्या आसपास आत जातील आणि पिन बहुधा वाचेल. रेझिस्टर काही पैशांना मिळतो. विमाच म्हणायचा तर मी याला म्हणेन, पण मेसेजात त्याचं नावही नाही.

‘वायरिंग कसंही चुकलं तरी.’ चूक होणारच, म्हणून पहिल्यांदा बॅटरी लावताना करंटला लगाम घालायचा. जुने इलेक्ट्रिशियन दुरुस्त केलेला मिक्सर थेट लाइनवर लावत नसत, आधी सिरीज लॅम्पवर लावून बघत. तेच इथं करा. गाडीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब बॅटरीच्या प्लसमध्ये मालिकेत जोडा, मोटरी सोडवून ठेवा. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स जेमतेम काही ओहम, म्हणून बोर्ड एकटा असताना नेहमीसारखा सुरू होतो आणि बल्ब विझलेलाच राहतो. कुठं शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, आणि पेटला की करंट अर्ध्या अँपियरच्याही आत राहतो. जास्तीचा व्होल्टेज मात्र बल्ब थांबवत नाही. तिसऱ्या स्क्रूतली ती लाल वायर बल्ब असूनही चिप मारू शकते, म्हणून ५ व्होल्टची पिन जोडण्याआधी तिथं मीटर लावायचाच. आमच्या टेबलावर हा बल्ब आता होल्डरसकट लाकडाच्या फळीवर ठोकलेला आहे. पोरं त्याला ‘पार्किंग’ म्हणतात आणि नवा रोबोट आला की आधी विचारतात, ‘पार्किंगला लावला का?’