‘ॲप डिलीट केलं की विषय संपला’ म्हणणाऱ्या परभणीकरांना उत्तर

परभणीकर, नमस्कार.

ऑटोपे, म्हणजे एकदा मंजुरी दिली की खात्यातून ठरल्या वेळी आपोआप पैसे कापले जाणं, तो कसा बंद करायचा यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी इथं देतो: “एवढ्याशा गोष्टीला एवढं पुराण? माझ्या पुतण्यानं अभ्यासाचं ॲप डिलीट केलं, खातं रिकामं ठेवलं, चार महिने झाले, एक रुपया गेला नाही. तुम्ही लोकांना उगंच भ्या दाखवता. ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांचं तर दोन ओळीत उरकलंय. अन् मेसेज 24 तास आधी येतो, 48 नाही. अभ्यास करून लिहीत जा.”

आधी 24 तासांचं. तुमचं बरोबर आहे. कपातीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्याकडून 48 पडलं, ते दुरुस्त केलंय. पण एका आकड्यावरून ‘अभ्यास करून लिहीत जा’? उदगीरला मोंढ्याजवळ बारा वर्षं बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतोय, भाऊ. दिवसाला किती पासबुकं हाताखालून जातात त्याची मोजदाद नाही. चूक दाखवा, हजारदा दाखवा, पण मास्तर पोरांना दाखवतात तशी नको. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मीही कौतुकानं म्हणतो, पण यूपीआयला परभणीसाठी वेगळा नियम नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. ‘ॲप डिलीट केलं, खातं रिकामं ठेवलं.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत, अन् दोन्ही लोकांना महागात पडतात.

ॲप फोनमध्ये असतं. पैसे कापायची मंजुरी फोनमध्ये नसते. पहिल्या दिवशी ‘फक्त 1 रुपयात सात दिवस’ म्हणून तुम्ही पिन टाकता, तो पिन त्या रुपयासाठी नसतोच. पडदा नीट बघा. 1 रुपया मोठ्या अक्षरात. त्याच्या खाली बारीक अक्षरात कमाल रक्कम, समजा 999. मग दर महिना की दर वर्ष. मग शेवटची तारीख, ती कितीतरी वर्षं पुढची. याला मँडेट म्हणतात. एकदा पिन पडला की पुढची 15,000 रुपयांपर्यंतची कपात पिन न विचारता होते. ॲप काढून टाकलं म्हणजे तुम्ही फोनमधलं चिन्ह काढलं. मँडेट बँकेत जिथल्या तिथं.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांचं तर अजून वेगळं. पोरगं लातूरला खोलीवर, ॲप त्याच्या फोनमध्ये. मंजुरी मात्र गावाकडं बापाच्या फोनवर, कारण खातं बापाचं. पोरानं त्याच्या फोनमधलं ॲप दहा वेळा उडवलं तरी बापाच्या फोनपेतला ऑटोपे हलत नाही. तिथं पोराचा फोन तपासून उपयोग नाही, बापाचा तपासावा लागतो.

आता रिकामं खातं. पहिली गोष्ट, आपल्याकडं कोणाचं खातं रिकामं राहतं हो? पीएम किसानचे 2,000 त्याच खात्यात, सोयाबीनचं बिल त्याच खात्यात, पीकविमा आला तर तोही त्याच खात्यात. यूपीआयच्या मँडेटमध्ये पैसे नसले तर कपात फसते, इतकंच. एका हप्त्यासाठी एक प्रयत्न आणि वर तीन फेरप्रयत्न होऊ शकतात. तेही फसले तरी मँडेट मरत नाही, पुढच्या महिन्याला कंपनी पुन्हा मागणी लावू शकते. त्या वेळी खात्यात हप्ता येऊन पडलेला असला की गेलेच. (1 ऑगस्ट 2025 पासून या कपाती गर्दीची वेळ टाळून होतात: सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच, नाहीतर रात्री साडेनऊनंतर. रात्री दहाला कपातीचा मेसेज आला म्हणून ‘खातं हॅक झालं’ म्हणत लोक घाबरतात. हॅक झालेलं नसतं, स्वतःच मंजूर केलेलं असतं.)

दुसरी गोष्ट याहून वाईट. कपात यूपीआयवरून नसून ‘नाच’वरून (एनएसीएच, म्हणजे थेट खाते क्रमांकावरून हप्ते कापायची बँकांची व्यवस्था) असली तर रिकामं खातं म्हणजे दंड. संस्थांची महिन्याची देणगी बऱ्याचदा अशीच लागलेली असते. चौकात फॉर्म भरून घेतात, त्यावर खाते क्रमांक, आयएफएससी आणि सही. पासबुकात अशी कपात ‘एसीएच डीआर’ किंवा जुन्या सवयीनं ‘ईसीएस’ अशी छापून येते. पैसे नसले की बँक ती परत पाठवते आणि परत पाठवल्याचा आकार तुमच्याच खात्यावर टाकते. तो 250 असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 295. म्हणजे 300 ची देणगी वाचवायला 295 दंड! वर संस्थेनं पुढच्या महिन्यात पुन्हा मागणी लावली की पुन्हा 295. खात्यात तेव्हा पैसे नसले तर बँक आकार बाकी ठेवते आणि पैसे आले की आधी तो वसूल करते. कर्जाच्या हप्त्याला हा उपाय कोणी केला तर प्रकरण पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 पर्यंत जाऊ शकतं. चेक बाउन्सचा भाऊच तो. तुमचा सल्ला वाचून उद्या कोणी ट्रॅक्टरच्या हप्त्यालाही तेच केलं तर?

याच्याच जोडीला तिसरा गावठी इलाज म्हणजे डेबिट कार्ड ब्लॉक करणं. कपात कार्डावरच नोंदलेली असेल तर थांबते. पण ई-नाच, म्हणजे कागदाऐवजी ऑनलाइन दिलेली नाचची मंजुरी, डेबिट कार्डानं केलेली असेल तर कार्ड फक्त ओळख पटवायला वापरलेलं असतं, मँडेट खाते क्रमांकावर असतो. कार्ड जातं, कपात राहते.

मग करायचं काय? आधी सबस्क्रिप्शन (कंपनीकडं घेतलेली योजना) बंद, मग मँडेट (बँकेतली मंजुरी) बंद. हा क्रम उलटा करू नका. प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, त्यात ‘सबस्क्रिप्शन्स’, ते ॲप निवडा, ‘कॅन्सल’. कारण विचारतात, काहीही निवडा. शेवटच्या पानापर्यंत जा, मध्येच मागं आलात तर ते रद्द होत नाही. आयफोनला सेटिंग्ज, वरचं स्वतःचं नाव, ‘सबस्क्रिप्शन्स’. आणि तिथं फुकटची मुदत संपायच्या निदान 24 तास आधी करा. नुसता मँडेट तोडला आणि सबस्क्रिप्शन चालू राहिलं, तर गुगलकडं साठवलेल्या दुसऱ्या कार्डावरून पैसे जायची वाट उघडी राहते.

मग यूपीआय. फोनपे असो की गुगल पे, वरच्या फोटोवर दाबून ‘ऑटोपे’ शोधा, चालू असलेल्यांत त्या कंपनीचं नाव उघडा, रद्द करा. रद्द करतानाही यूपीआय पिन लागतो, तो बघून घाबरायचं कारण नाही. ‘पॉझ’ आणि रद्द यात घोळ घालू नका, पॉझ म्हणजे थोडे दिवस थांबवणं. ज्या ॲपमधून मंजुरी दिली तेच ॲप आधी तपासा. मंजुरी गुगल पे मधली आणि माणूस फोनपे धुंडाळतोय, असं रोजच चालतं. रद्द झाल्याचा मेसेज आला की स्क्रीनशॉट ठेवा.

फोन न वापरणाऱ्यांचं दोन ओळीत उरकलं म्हणता. काम दोन ओळींचंच आहे म्हणून दोन ओळी. तरी तुमच्या समाधानासाठी पुन्हा लिहितो. पासबुक छापून घ्या. कपातीच्या ओळीवर पेन्सिलनं खूण करा. शाखेत अर्ज द्या: खाते क्रमांक, संस्थेचं नाव, रक्कम, कपातीची तारीख आणि 20 अक्षरी यूएमआरएन, म्हणजे त्या मँडेटचा क्रमांक. तो माहीत नसेल तर बँकेलाच काढायला सांगा, त्यांच्याकडं दिसतो. अर्जात ‘मँडेट रद्द करावा’ असंच लिहा. ‘पेमेंट थांबवा’ लिहिलं तर कधी कधी तेवढाच एक हप्ता थांबतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. देणगी असेल तर संस्थेलाही देणगीदार क्रमांक टाकून कळवा, कपातीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी, कारण मागणीची यादी बँकेकडं आधीच गेलेली असते. पासबुकात मे महिन्याच्या शेवटी 436 किंवा 20 रुपये दिसले तर ते ॲप नाही; ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते. ते बंद करायच्या आधी घरच्यांना विचारा.

भ्या दाखवण्याबद्दल फार बोलत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला फसवणुकीच्या 13 रचनांची यादी काढली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे घेतलेलं सबस्क्रिप्शन बंद करणं अवघड करून ठेवणं, नावानिशी आहे. ते भ्या मी दाखवलेलं नाही. रद्द करूनही पैसे गेले तर कंपनीविरुद्ध 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते. बँकेनं लेखी तक्रारीवर 30 दिवसांत काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. पुढे.

राहिला तुमचा पुतण्या. चार महिने पैसे गेले नाहीत याची मला तरी चार कारणं दिसतात. एक, त्यानं ऑटोपे न लावता एकदाच पैसे भरले असतील. दोन, त्यानं सबस्क्रिप्शन आधीच रद्द केलं असेल आणि काकांना फक्त ‘ॲप डिलीट केलं’ एवढंच सांगितलं असेल. तीन, मागण्या येऊन फसत असतील. त्याचे मेसेज त्याच्या फोनवर येतात, तुमच्या नाही. चार, योजना वर्षाची असेल. मग चार महिन्यांत पैसे जायचे तरी कशाला, अजून आठ महिने बाकी आहेत. त्याच्या फोनवर ऑटोपे उघडा, ‘फ्रिक्वेन्सी’पुढं काय लिहिलंय ते वाचा. ‘इयरली’ निघालं तर तारीख बघून इथं कळवा.