जेसी जेम्सने गरिबांना नक्की काय वाटलं?

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी दरोडेखोर जेसी जेम्स याच्यावरचा तो मजकूर परवा पुन्हा एका ग्रुपवर आला. तीच दाढीवाली चित्रं, तीच भाषा. थोडक्यात म्हणणं असं: जेसी जेम्स हा अमेरिकेचा रॉबिन हूड. मिसुरीतल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. यादवी युद्धानंतर बँका आणि रेल्वे कंपन्यांनी शेतकऱ्यांना नाडलं, म्हणून त्याने हत्यार उचललं. जगातली पहिली रेल्वे त्याने लुटली. सामान्य माणसाच्या केसालाही धक्का लावला नाही, लूट गोरगरिबांत वाटली. शेवटी सरकारने विकत घेतलेल्या फितुराने त्याला पाठमोरा असताना गोळी घातली.

शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. म्हणूनच बहुधा आधीची सगळी न अडखळता गिळली जातात.

घरापासून सुरुवात करू. जेसीचा जन्म १८४७ चा, मिसुरीच्या क्ले काउंटीतला. वडील रॉबर्ट बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि लिबर्टी गावातलं विल्यम ज्युएल कॉलेज उभं करणाऱ्यांपैकी एक. शेती हेम्प या अंबाडीसारख्या धाग्याच्या पिकाची, आणि त्या शेतात गुलाम राबत होते. वडील १८५० मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथेच वारले, घरावर कठीण दिवस आले, हे खरं. पण माणसं मालकीची असलेल्या घराला ‘गरीब शेतकऱ्याचं घर’ म्हणायचं असेल, तर त्या माणसांना काय म्हणायचं?

हा मुद्दा वंशावळीपुरता नाही. जेसी आणि त्याचा मोठा भाऊ फ्रँक हत्यार उचलून उभे राहिले ते व्याजाच्या दरावरून नाही, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने. फ्रँक दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या गनिमी टोळीत होता. या टोळीने ऑगस्ट १८६३ मध्ये कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शिरून दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली. जेसी पुढच्या वर्षी, सोळा-सतरा वर्षांचा असताना, तशाच दुसऱ्या टोळीचा म्होरक्या ‘ब्लडी बिल’ अँडरसनला जाऊन मिळाला. सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट्रेलिया स्टेशनवर या अँडरसनने गाडी थांबवली, रजेवर घरी निघालेल्या उत्तरेच्या वीसहून जास्त नि:शस्त्र सैनिकांना खाली उतरवलं आणि गोळ्या घातल्या. त्याच दुपारी पाठलागावर आलेल्या तुकडीची जी कत्तल झाली, तिच्यात जेसी होता असं पुढे खुद्द फ्रँकनेच सांगितलं. बँका आणि रेल्वे कंपन्या या कथेत यायला अजून वेळ होता.

आता ‘सामान्य माणसाला हात लावला नाही’. या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

डिसेंबर १८६९, मिसुरीतलं गॅलॅटिन. गावच्या छोट्या बचत बँकेत एक जण मोठी नोट मोडून मागतो. रोखपाल जॉन शीट्स मान खाली घालून लिहायला लागतो आणि तसाच गोळी खाऊन पडतो. मारेकऱ्याचा समज असा की हा सॅम्युएल कॉक्स, म्हणजे अँडरसनला ठार करणाऱ्या तुकडीचा प्रमुख. तो नव्हता. जुन्या युद्धाचा सूड, तोही चुकीच्या माणसावर, आणि हाती लागलेली रक्कम किरकोळ. पळताना एक घोडा मागे राहिला, त्या घोड्यावरून जेसी जेम्स हे नाव पहिल्यांदा उघडपणे वर्तमानपत्रांत आलं.

सप्टेंबर १८७२, कॅन्सस सिटीची जत्रा. तिकीट खिडकीवरचा गल्ला पळवताना झालेल्या गोळीबारात एक लहान मुलगी पायाला गोळी लागून जखमी झाली. १८७३ मध्ये आयोवातल्या अडेअरजवळ रूळ उखडून गाडी पाडली, इंजिनचालक मेला. १८८१ मध्ये विन्स्टनजवळ गाडीचा कंडक्टर आणि एक गवंडी. नावं काढत बसा: रोखपाल, इंजिनचालक, कंडक्टर, गवंडी. या यादीत रेल्वेचा एकही मालक नाही.

आणि नॉर्थफील्ड. ७ सप्टेंबर १८७६, मिनेसोटा. जेम्स बंधू, टोळीतले त्यांचे साथीदार तीन यंगर बंधू आणि आणखी तिघे असे आठ जण लांब कोट घालून गावात शिरले. तिघे बँकेत गेले, बाकीचे रस्त्यावर पहाऱ्याला. बँकेचा मुख्य रोखपाल फिलाडेल्फियाचं शतसांवत्सरिक प्रदर्शन बघायला गेला होता, त्याच्या खुर्चीत जोसेफ ली हेवूड नावाचा हिशेबनीस बसला होता. तिजोरी उघड म्हटल्यावर तो म्हणाला, वेळेचं कुलूप आहे, उघडता येत नाही. मारहाण झाली, गळ्यावर सुरी फिरवली, तरी तो तेच सांगत राहिला. गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, आतल्या तिजोरीला त्या वेळी कुलूप नव्हतंच. कुणी कडी ओढून बघितली नाही.

बाहेर गावकऱ्यांना कळलं होतं. लोखंडी सामानाच्या दुकानदाराने रायफल काढली, सुट्टीवर आलेला वैद्यकीचा एक विद्यार्थी समोरच्या हॉटेलच्या खिडकीत जुनी बंदूक घेऊन बसला. ज्यांच्याकडे बंदूक नव्हती त्यांनी दगड मारले. काही मिनिटांत दोन दरोडेखोर रस्त्यावर मेले. बँकेतून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या माणसाने जाता जाता हेवूडच्या डोक्यात गोळी घातली. तो फ्रँक असावा, असा बहुतेकांचा कयास आहे. नुकताच स्वीडनहून आलेला निकोलस गुस्ताव्हसन रस्त्यावर गोळी लागून पडला आणि चार दिवसांनी गेला. यंगर बंधू दोन आठवड्यांत पकडले गेले, जेम्स बंधू निसटले. त्या दिवशीची एकूण लूट: २६ डॉलर ७० सेंट.

रॉबिन हूडला गावाने दगड मारल्याचं कुठे वाचलंय?

‘पण पैसा श्रीमंतांचाच होता ना?’ नाही. हे आपल्याला चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्या डोक्यात विमा असलेली ठेव असते. अमेरिकेत ठेवींना केंद्र सरकारचं संरक्षण मिळालं ते १९३० च्या दशकात. १८६६ किंवा १८७६ मध्ये गावची बँक लुटली, तर बुडणारा पैसा त्याच गावातल्या दुकानदाराचा, शेतकऱ्याचा, विधवेचा असायचा.

विधवा म्हटलं की ती गोष्ट आलीच. टोळी एका विधवेच्या घरी जेवते, ती रडत असते, सावकार संध्याकाळी जप्तीला येणार असतो. जेसी तिला पैसे देतो, पावती घ्यायला बजावतो आणि परतणाऱ्या सावकाराला वाटेत गाठून तेच पैसे काढून घेतो. गोष्ट झकास आहे. इतकी झकास की नावं बदलून इतर दरोडेखोरांच्या खात्यावरही ती जमा आहे. गाव, तारीख, बाईचं नाव, सावकाराचं नाव, काही म्हणता काही धड सापडत नाही. लूट वाटल्याचा एकही पक्का पुरावा नाही. जेसी गेल्यावर त्याच्या बायकोला घरातलं सामान लिलावात काढावं लागलं, म्हणजे घरातही फारसं उरलं नव्हतं. पैसा घोड्यांच्या शर्यती, जुगार आणि सतत पळत राहण्यात जात होता.

मग ‘गरिबांना वाटतो’ हे आलं कुठून? याचा माग लागतो. जॉन न्यूमन एडवर्ड्स हा कॅन्सस सिटी टाइम्सचा संपादक, दक्षिणेच्या घोडदळातला माजी मेजर. मिसुरीत माजी बंडखोरांचे युद्धानंतर काढून घेतलेले हक्क नुकते परत मिळत होते आणि त्यांना राजकारणात पुन्हा पाय रोवायचे होते. हरलेल्या पक्षाला एक न हरलेला माणूस हवा होता. जत्रेतल्या त्या दरोड्यानंतर एडवर्ड्सने दरोडेखोरांना मध्ययुगीन सरदारांच्या पंक्तीला बसवणारा लेख लिहिला. मुलीच्या पायातली गोळी त्या शौर्यात कुठे बसली, कोण जाणे. थोड्याच दिवसांत त्याच वर्तमानपत्रात दरोडेखोरांच्या नावाने एक पत्र छापून आलं, खाली सह्या इंग्लंडमधल्या जुन्या प्रसिद्ध लुटारूंच्या नावांनी. आम्ही श्रीमंतांना लुटतो आणि गरिबांना देतो, हे त्या पत्रात आहे. म्हणजे दीडशे वर्षं फिरणारा हा मजकूर मुळात आरोपीचंच निवेदन आहे.

पहिल्या रेल्वे दरोड्याचं एका ओळीत आटपतो. शांततेच्या काळात चालती गाडी लुटण्याचा मान इंडियानातल्या रेनो बंधूंचा, ऑक्टोबर १८६६ मध्ये, अडेअरच्या सात वर्षं आधी.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, कारण सहानुभूती निव्वळ छापून येत नाही. जानेवारी १८७५ मध्ये पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीच्या माणसांनी रात्री जेम्सच्या शेतघराला वेढा घातला आणि खिडकीतून पेटतं स्फोटक आत टाकलं. जेम्स बंधू घरात नव्हते. लहानगा सावत्र भाऊ आर्ची मेला, आई झेरेल्डाचा उजवा हात गेला. जे लोक टोळीला शिव्या घालत होते, तेही हळहळले. विधिमंडळात टोळीला माफी देण्याचा ठराव थोडक्यात पडला. हा अन्याय होताच. पण गॅलॅटिन त्याच्या आधी घडलं होतं आणि नॉर्थफील्ड नंतर, तिथल्या हिशेबनिसाने त्या खिडकीतून काही टाकलं नव्हतं.

आणि ते शेवटचं, बरंचसं खरं वाक्य. ३ एप्रिल १८८२, सेंट जोसेफ. थॉमस हॉवर्ड या खोट्या नावाने राहणारा जेसी भिंतीवरचं चित्र नीट करायला खुर्चीवर चढला आणि बॉब फोर्डने मागून गोळी घातली. मिसुरीचा गव्हर्नर क्रिटेंडनशी फोर्डचं आधीच बोलणं झालं होतं, बक्षिसाचा पैसा रेल्वे कंपन्यांचा होता. बॉब आणि त्याचा भाऊ चार्ली यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि त्याच दिवशी माफीही मिळाली. भ्याड काम, यात वाद नाही. फक्त बॉब फोर्ड हा जेसीने स्वतःच्या घरात ठेवून घेतलेला, त्याच्याच टोळीतला माणूस होता.

झेरेल्डाने मुलाला शेतघराच्या अंगणात पुरलं आणि दगडावर कोरून घेतलं की याला मारणाऱ्या फितुराचं नाव इथे यायच्या लायकीचं नाही. पुढे बघायला येणाऱ्यांकडून ती पैसे घ्यायची आणि थडग्यावरचे खडे २५ सेंटला एक या भावाने विकायची. खडे संपत आले की शेजारच्या ओढ्यातून नवे आणून टाकायचे, असं तिथले लोक सांगतात.