‘पळवलेली मार्या’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्हीच लिहिलंत, ‘पंचाहत्तरी ओलांडली आहे, काका म्हटलंत तरी चालेल’, म्हणून हक्काने म्हणते.) प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. मनाला लागली, हे लपवत नाही. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. काल फिनलंडचा दिग्दर्शक काउरिस्माकी याचा ‘युहा’ हा चित्रपट पुन्हा लावून बसले आणि आज लिहायला घेतलं.

तुमचं म्हणणं असं की, ‘युहा’ या फिनिश कादंबरीतल्या मार्याची, म्हणजे नवऱ्याला टाकून परक्या पुरुषाबरोबर गेलेल्या बाईची मी बाजू घेतली, शीर्षकात ‘पळवलेली’ लिहून तिला निर्दोष ठरवलं, तिला नेणाऱ्या शेमेइक्काला ‘प्रियकर’ म्हटलं आणि वर मूळ लेखक युहानी आहोच्या घरातली भानगड उगाच चव्हाट्यावर आणली.

‘प्रियकर’ ही माझी चूक, पूर्णपणे. शेमेइक्का दर उन्हाळ्यात नवी बाई घरी आणतो. मार्या तिथे पोचते तेव्हा तिच्या आधीच्या तिथेच असतात. काउरिस्माकीच्या १९९९च्या चित्रपटात तर तो तिला शहरातल्या कुंटणखान्यात नेऊन ठेवतो. अशा माणसाला प्रियकर म्हणणं म्हणजे मार्या ज्याला भुलली त्यालाच मीही भुलले. शब्द काढून टाकला आहे.

पण पुढचं मला पटत नाही. तुम्ही लिहिलंत, ‘तिला जायचं नसतं तर ती गेली नसती.’ काका, युहानी आहोची १९११ची कादंबरी सगळी याच वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य त्यातल्या नवऱ्याचं दुखणं आहे. मार्या सीमेपलीकडच्या, रशियाच्या बाजूच्या कारेलियातून आलेली पोरकी मुलगी. ती युहाच्याच घरात वाढते आणि मोठी झाल्यावर त्याचीच बायको होते. तो वयाने कितीतरी मोठा, पायाने अधू, मनाने चांगला. सासू तिला उठता-बसता टोचते. मग शेमेइक्का, तो देखणा फिरस्ता व्यापारी येतो. तिचं मन आधीच त्याच्यामागे गेलेलं असतं. तरीही नावेत ती आपल्या पायांनी चढत नाही, तो तिला उचलून नेतो आणि ती धडपडते. मग नाव उसळत्या पाण्यात शिरते. वल्हं त्याच्या हातात, दोन्ही बाजूंना खडक, आणि त्या वेगात तिच्या अंगातली भीती आणि ओढ एकच होऊन जाते. कादंबरीतला सगळा शृंगार मला त्या पाण्यात दिसतो, नंतरच्या कुठल्याही बिछान्यात नाही.

आता सांगा, ती पळून गेली की त्याने तिला पळवून नेलं? आपल्या भाषेत या दोन्हींत एका ‘व’चा फरक. पण त्या ‘व’वरच युहाचं जगणं अवलंबून आहे. मार्या मूल झाल्यावर परत येते आणि ‘मला पळवून नेलं’ म्हणते. तो विश्वास ठेवतो, ते मूल आणायलाही निघतो. तिथे शेमेइक्काला बेदम मारून झाल्यावर त्याला कळतं की ती मनानेही गेली होती. तो तिला विचारतो, ती खरं सांगते, आणि तो स्वतःला त्याच नदीच्या हवाली करतो.

हा शेवट पडद्यावर मांडणं सोपं नव्हतं. माउरित्झ स्टिलरने १९२१ साली स्वीडनमध्ये ‘योहान’ केला, तेव्हा नवराबायकोची दिलजमाई करून टाकली. (त्यातला नदीचा प्रसंग मात्र जरूर बघा. नायिका येनी हासेलक्विस्ट ही मुळात बॅलेची नर्तिका, पण त्या उसळत्या पाण्यात नावेत ती स्वतः बसलेली आहे.) काउरिस्माकीने वेगळंच केलं. गोष्ट आजच्या काळात आणली, पण मूकपट केला, तोही कृष्णधवल. काल पाहताना मी एका जागी थांबले. कोबी पिकवणारं सुखी जोडपं. शेमेइक्का येऊन जातो आणि त्यानंतर मार्या युहापुढे मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं जेवण ठेवते. एवढंच. मार्या झालेल्या काती ओउतिनेनच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, पण घर तिथेच मोडलेलं असतं. ती शहरात जाते ती स्वतःच्या इच्छेने. तिथे अडकते ती मात्र इच्छेने नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या आहेत. तुम्ही पहिलीच धरून ठेवता.

राहिली ‘भानगड’. तुम्हाला ती गॉसिप वाटली, कारण मी ती घाईत, दोन ओळींत उरकली. आहोची बायको वेन्नी सोल्डान ही नामवंत चित्रकार. तिची धाकटी बहीण टिल्ली. आहोला वेन्नीपासून मुलगा झाला, हेक्की, आणि १९०२ साली टिल्लीपासून ब्योर्न. वेन्नीने संसार मोडला नाही. पुढे नऊ वर्षांनी त्याच माणसाने ‘युहा’ लिहिली, आणि त्यात फसवल्या गेलेल्या जोडीदाराचं दुःख इतक्या आतून लिहिलं. मग हे दोघे सावत्र भाऊ मोठे झाले आणि त्यांनी मिळून चित्रपटांची कंपनी काढली. नाव ठेवलं ‘आहो अँड सोल्डान’, एकाला बापाचं आडनाव, दुसऱ्याला आईचं. मुख्यतः माहितीपट करणाऱ्या या कंपनीने १९३७ साली कथापट केला, तो बापाचा ‘युहा’. बापाने लिहिलेली व्यभिचाराची गोष्ट दोन बायकांची दोन मुलं मिळून पडद्यावर आणतात, आणि श्रेयनामावलीत दोन्ही आडनावं शेजारी शेजारी येतात. काका, हे चव्हाट्यावर मी आणलेलं नाही. त्यांनी ते स्वतःच्या हाताने, मान ताठ ठेवून लिहिलं आहे. मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो.

त्यांनी दिग्दर्शनासाठी निवडलेल्या न्युर्की तापिओवाराचा हा पहिलाच चित्रपट. फेब्रुवारी १९४०मध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात तो मारला गेला, वय अठ्ठावीस. पाचवा चित्रपट सोबत्यांनी पुरा केला.

ऑपेराबद्दलचा परिच्छेद तुम्हाला अनावश्यक वाटला, तो मी कापणार नाही. आइनो अक्ते या गायिकेने या कादंबरीवरून ऑपेराची संहिता लिहून आधी प्रख्यात संगीतकार सिबेलियसला देऊ केली होती. त्याने नाही म्हटलं. आर्रे मेरिकान्तोने संगीत दिलं, १९२२मध्ये पूर्ण केलं, पण हेलसिंकीच्या ऑपेराने ते रंगमंचावर आणलंच नाही. तीच संहिता मग लेवी मादेतोया या दुसऱ्या संगीतकाराकडे गेली आणि त्याचा ‘युहा’ १९३५ साली सादर झाला. मेरिकान्तो १९५८मध्ये वारला. त्याचं काम त्यानंतर रेडिओवर वाजलं आणि १९६३ साली लाहती शहरात रंगमंचावर आलं. आपलं संगीत वाट बघत असताना त्याच शब्दांवरचं दुसऱ्याचं काम त्याला बघावं लागलं. हे वगळायला माझा हात धजत नाही.

शीर्षकाबद्दल दोन दिवस विचार केला. ‘पळवलेली’ लिहून मीही एकच बाजू घेतली होती, ते तुमच्यामुळे दिसलं. तुम्ही सुचवलेलं ‘पळून गेलेली’ही मी लिहू शकत नाही. लेखाचं नाव आता नुसतं ‘मार्या’ केलं आहे.