एक लाख किलोमीटर झाले म्हणून इंजिनात काकवी ओतायची?

रविवारी सकाळी साडेसातला सांगलीहून दाजींचा फोन. "अरे, गाडी चालू केली की चार-पाच सेकंद कडकड वाजते, मग गप्प. हे आधी नव्हतं." गाडी २०१२ची पेट्रोल वॅगन-आर, १ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. दाजी टायरची हवासुद्धा पंधरा दिवसांनी तपासणारे. म्हटलं, हल्ली गाडीला काय केलंत? "काही नाही रे, ऑइल बदललं. तो मेसेज आला होता ना, तुलाही पाठवलाय बघ."

पाठवला होता. मी न वाचता सोडून दिला होता, तेवढी चूक माझी. '३० वर्षं अनुभव असलेल्या मेकॅनिकचा सल्ला, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' मेकॅनिकला नाव नाही, गाव नाही. सल्ला असा: लाख किलोमीटर झाले की इंजिन झिजून सैल होतं, म्हणून २०डब्ल्यू-५० हेच जाड ऑइल टाका. कंपनी पातळ ऑइल सांगते ते ॲव्हरेज वाढवून दाखवायला. नवीन ऑइल टाकण्याआधी अर्धा लिटर रॉकेल ओतून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, आतून स्वच्छ होतं. सिंथेटिक टाकू नका, सील फाटतात. ऑइल काळं दिसलं की लगेच बदला. आणि ट्रकचं डिझेल ऑइल स्वस्त पडतं, ते कुठल्याही गाडीला चालतं.

रॉकेलपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी इंजिन हळूहळू खराब होईल, याने त्याच दिवशी होऊ शकतं. इंजिनात ऑइल असतं साधारण तीन लिटर. त्यात अर्धा लिटर रॉकेल मिसळलं की क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये जो तेलाचा पडदा लोखंडाला लोखंड लागू देत नाही, तो फारच पातळ पडतो. आणि अशा अवस्थेत इंजिन दहा मिनिटं फिरवायचं! वर रॉकेलची पेट घेणारी वाफ ३५-४० अंशांनाच तयार होऊ लागते. तापलेल्या इंजिनातलं ऑइल ९० अंशांच्या आसपास असतं. चेंबर बंद, आत वाफ, शेजारी गरम लोखंड. हा सल्ला लिहिणाऱ्याने स्वतःच्या गाडीवर एकदा तरी करून पाहिलाय का?

समजा काही पेटलं नाही. मग दहा वर्षांचा गाळ ढेकळांनी सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पंपाला तेल ओढता येत नाही, डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि तो दिसेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. शिवाय नट काढून सगळं ओतलं तरी नळ्यांमध्ये, कोपऱ्याकपाऱ्यांत थोडं मिश्रण उरतंच. ते तुमच्या नव्या, महागड्या ऑइलमध्ये मिसळतं. गाळ खरंच असेल तर चांगलं ऑइल टाका, दोन-तीन हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, पुन्हा टाका. ऑइलमध्ये धुण्याची रसायनं असतातच, ती हे काम सावकाश करतात. दाजींना रॉकेल शोधूनही मिळालं नाही, म्हणून इंजिन वाचलं.

आता २०डब्ल्यू-५०. हे आकडे ठरतात एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या तक्त्यावरून, जगभरच्या ऑइलच्या डब्यांवर त्याच तक्त्याचे आकडे छापलेले असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा १०० अंश तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांना ३०चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे ऑइलच्या जाडीचं माप), ५०चं १६.३ ते २१.९. म्हणजे गरम असतानाही हे दीडपट-पावणेदोनपट जाड. थंडीत फरक आणखी वाढतो: ४० अंशांना ५डब्ल्यू-३० साधारण ६०-७० भरतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या आसपास. जानेवारीत सांगलीची सकाळ ४० अंशांची नसते. तेव्हा ते काकवीसारखं चिकटून बसतं.

दाजींच्या इंजिनाला टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. काकवी तिथवर पोचेपर्यंत चेन सैल. ती चार-पाच सेकंदांची कडकड हीच. पंप जोर लावतो, दाब वाढतो, मग दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडून तेच ऑइल खाली चेंबरमध्ये परत पाठवतो. म्हणून जुने लोक "बघा, दाब कसा चांगला दाखवतोय" म्हणतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. दाब आहे, पण तेल पोचत नाहीये.

'आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून जाड पाहिजे' हेही त्यात घुसडलंय. गाडी चंद्रपूरला ४५ अंशांत असो की महाबळेश्वरला धुक्यात, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ठरलेल्या तापमानाजवळच ठेवतो. ही सवय आली पद्मिनी-अँबेसेडरच्या काळातून. तेव्हा २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हीच नेहमीची ऑइलं होती आणि ती त्या इंजिनांना मानवत. आजोबांचा चष्मा नातवाला लावून कसं चालेल?

मेसेजमधलं अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० अशी अतिपातळ ऑइलं आली त्यामागे इंधनबचतीचे नियम आहेतच. आपल्याकडे ते २०१७पासून गाड्यांना लागू झाले. पण ती इंजिनं, त्यांचे पंप, बेअरिंगच्या फटी त्या ऑइलचा विचार करून बनवलेल्या असतात. आणि दाजींची गाडी २०१२ची. तिच्या मॅन्युअलमध्ये नियमांच्या कितीतरी आधीच ५डब्ल्यू-३० लिहिलंय. ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली ते पुस्तक आहे. मी दाजींना फोनवरच काढायला लावलं.

दुसरं अर्धं खरं: एखादं जुनं इंजिन खरोखर ऑइल खात असेल, म्हणजे डिपस्टिकवर, ऑइल मोजायच्या पट्टीवर, दर हजार किलोमीटरला पातळी उतरत असेल, मागून निळसर धूर येत असेल, तर ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० अशी एक पायरी वर जायला हरकत नाही, मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तर. त्याने खप थोडा कमी होतो. पण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील तसेच राहतात. आणि ही पायरी ठरते डिपस्टिकवर, ओडोमीटरवर नाही. दाजींची गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभरही खात नव्हती. कशाला चढवलंत?

अमेरिकेत ७५ हजार मैलांच्या, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी 'हाय मायलेज' नावाची वेगळी ऑइलं विकतात. रबरी सील मऊ ठेवणारी द्रव्यं त्यात जास्त असतात. ती मुख्यतः येतात कुठल्या ग्रेडमध्ये? ५डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०. जुन्या गाडीच्या नावावर ज्यांचा धंदा चालतो, तेही सरसकट ५० ओतायला सांगत नाहीत.

सिंथेटिकचं म्हणाल तर १९७०च्या दशकात पहिली ऑइलं आली तेव्हा सील गळण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. त्यानंतर रसायनं बदलली. आज सिंथेटिक टाकल्यावर जुनी गाडी गळली तर समजा की सील आधीच कडक झाला होता आणि गाळाने भोक बुजवलं होतं. सील बदला, दोन-चार महिन्यांनी बदलावाच लागला असता.

ऑइल काळं होतं कारण ते काजळी धरून ठेवतं, तेच त्याचं काम. डिझेलमध्ये तर चार दिवसांत होतं. किलोमीटर आणि महिने बघा.

ट्रकच्या ऑइलबद्दल एवढंच: बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. नाही तर डीपीएफ राखेने भरतो, आणि नव्याची किंमत ऐकून सगळी बचत विसरते माणूस.

दाजींनी मंगळवारी सहाशे किलोमीटर चाललेलं ते ऑइल काढलं, फिल्टर बदलला, ५डब्ल्यू-३० भरलं. बुधवारी सकाळी फोन आला, आवाज बंद. ज्या गॅरेजमध्ये काही न विचारता २०डब्ल्यू-५० ओतून दिलं होतं, तिथे ते पुन्हा गेले नाहीत. मेसेज पाठवलेल्या सत्तावीस जणांना "चुकीचं आहे" असं कळवायला सांगितलं होतं, त्यावर म्हणाले, "बघतो." मग थोडं थांबून, "डब्यात अर्धा लिटर उरलंय रे, त्याचं काय करू?"

म्हटलं, फाटकाच्या बिजागरीला घाला.